काळ्या सुटातली ती माणसं नक्की कोण होती?

मांद्रेकाठ:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, इथे आकाशाची आणि जुन्या गोष्टींची दोन्हींची आवड असलेले लोक आहेत म्हणून विचारतोय. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात मांद्रे-मोरजी बाजूला संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की हल्ली वर काही ना काही दिसतंच. मोपाला उतरणारी विमानं, कोणाचं तरी ड्रोन, आणि एकदा तर दिव्यांची अख्खी माळ एका रांगेत सरकत गेली आणि मधेच एकेक करून दिसेनाशी झाली. ती स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणारी सॅटेलाइट्स होती हे मला माहीत आहे, नवीन सोडली की सुरुवातीला ती अशी ओळीने जातात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरली की गायब. तो प्रश्न नाही.

प्रश्न असा की माझा चुलतभाऊ तेव्हापासून यूएफओच्या म्हणजे उडत्या तबकड्यांच्या व्हिडिओंमध्ये पार बुडालाय आणि त्यातली त्याला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे ते मेन इन ब्लॅक. कोणी आकाशात काही पाहिलं की थोड्याच दिवसांत दारात काळा सूट, काळी हॅट, बाहेर काळी गाडी, बोलणं पाठ केल्यासारखं आणि निरोप एकच, पाहिलंस ते विसर, कोणाला सांगू नको. त्याचं म्हणणं, अमेरिकेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली माणसं एकमेकांना न ओळखता तेच वर्णन करतात तर त्यात काहीतरी असणारच. तो हुशार पोरगा आहे, त्याला नुसतं उडवून लावणं मला बरं वाटत नाही आणि त्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तरही नाही. 1997 चा पिक्चर सोडून द्या, त्याच्या आधीचं काय? ही सुरुवात कुठून झाली, खरंच कोणी लोकांच्या घरी जात होतं का, आणि आपल्याकडे असं काही सांगतात का? ज्यांनी वाचलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुनी_कात्रणं:
भावाचा मुद्दा आधी धरू, सगळं त्याच्यावरच अडलंय. माणसांनी एकमेकांना न ओळखता तेच सांगितलं असतं तर त्याला नक्कीच वजन आलं असतं. पण ही गोष्ट कोणाकडून कोणाकडे गेली ते बऱ्यापैकी नावानिशी सांगता येतं.

1947 च्या जूनमध्ये केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या आणि पेपरांनी 'फ्लाइंग सॉसर' म्हणजे उडती तबकडी हे नाव जगभर पोचवलं. त्याच महिन्यात, त्याच वॉशिंग्टन राज्यात, टकोमाजवळच्या मॉरी बेटापाशी हॅरल्ड डाल नावाच्या माणसाने सांगितलं की आपल्या बोटीवर तबकडीतून तापलेला धातूसारखा कचरा पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या सुटातला एक माणूस येऊन आपल्याला नाश्त्याला घेऊन गेला, काय घडलं ते सगळं त्यानेच आपल्याला सांगितलं आणि वर गप्प बसायची ताकीद दिली. पुढे याची चौकशी करायला हवाई दलाचे दोन अधिकारी आले आणि परत जाताना 1 ऑगस्टला त्यांचं बी-25 विमान कोसळून दोघंही गेले. चौकशीत प्रकरण बनावट ठरलं. हवाई दलाच्या ब्लू बुक या यूएफओ तपासायच्या प्रकल्पाचा प्रमुख राहिलेल्या एडवर्ड रुपेल्टने तर याच्याइतकी घाणेरडी फसवणूक यूएफओच्या इतिहासात दुसरी नाही अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. पण दोन जीव खरे गेले होते ना, त्यामुळे 'काहीतरी दाबलं' ही भावना लोकांच्या मनातून गेलीच नाही. मला स्वतःला या अख्ख्या इतिहासातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट हीच.

आता तीन माणसं. ती आली अल्बर्ट बेंडरकडून. हा कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचा, 1952 मध्ये त्याने इंटरनॅशनल फ्लाइंग सॉसर ब्यूरो काढला, देशोदेशीचे सभासद, स्वतःचं छोटं मासिक. भुताखेतांची प्रचंड आवड, घरातली माळ्यावरची खोली त्याने कवट्या आणि भयानक चित्रं लावून सजवलेली. 1953 च्या ऑक्टोबरच्या अंकात त्याने अचानक छापलं की तबकड्यांचं गूढ आता गूढ राहिलेलं नाही, त्या कुठून येतात ते कळलंय, पण वरून आदेश असल्यामुळे छापता येत नाही, आणि या कामात पडलेल्यांनी जपून राहावं. संस्था बंद. जवळच्यांना एवढंच सांगितलं की गडद सुटातली तीन माणसं येऊन गेली.

त्याचा एक सहकारी होता ग्रे बार्कर, वेस्ट व्हर्जिनियाचा, थिएटरांना पिक्चर पुरवायच्या धंद्यातला, लिहायला एकदम तयार हात. त्याने 1956 मध्ये यावर पुस्तक काढलं आणि बेंडरचे ते तिघे अमेरिकाभर गेले. मग 1962 मध्ये बेंडरने स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते छापलंही बार्करनेच, आणि त्यात बघा काय झालं, त्या तिघांचे डोळे चमकायला लागले, ते परग्रहावरचे निघाले आणि बेंडरला अंटार्क्टिकातल्या तळावर फिरवून आणलं. 1953 मध्ये ऐकणाऱ्यांना सरकारी माणसं वाटावीत असे तिघे, नऊ वर्षांनी तेच तिघे परग्रहवासी, सांगणारा माणूस मात्र तोच.

बार्करबद्दल अजून एक सांगतो मग थांबतो. 1957 मध्ये त्याने आणि त्याचा मित्र जेम्स मोझली याने अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या खऱ्या लेटरहेडवर खोट्या नावाने एक पत्र लिहून जॉर्ज अ‍ॅडम्स्कीला धाडलं, तोच अ‍ॅडम्स्की जो शुक्रावरच्या माणसांना भेटल्याचं सांगायचा. पत्रात काय, तर खात्यातल्या काही जणांना तुमचं म्हणणं पटलेलं आहे. अ‍ॅडम्स्कीने ते सगळ्यांना दाखवलं. 1984 मध्ये बार्कर वारला, त्यानंतर मोझलीने ते दोघांचंच काम होतं असं कबूल केलं. तर 1956 च्या पुढे ज्यांच्या दारात काळे सूट आले त्यातल्या बहुतेकांच्या कानावर बार्करची गोष्ट कुठून ना कुठून आलेलीच असणार. वर्णन जुळतं ते त्यामुळे.

बाब्या_फोंडेकार:
कात्रणं, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे पण सगळा भार बार्करवर टाकू नका रे, याने सरकार फुकटचं सुटतं. सीआयएने 1953 च्या जानेवारीत हॉवर्ड रॉबर्टसन या पदार्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली एक गुप्त समिती बसवली होती, आणि तिच्या अहवालात सरळ लिहिलंय की लोकांच्या खाजगी यूएफओ संस्थांवर नजर ठेवावी कारण लोकांच्या विचारांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. बेंडरने दुकान बंद केलं ते त्याच वर्षी. याने बेंडर खरा ठरत नाही, मी तसं म्हणतही नाहीय, पण त्या काळात या लोकांना आपल्यावर पाळत आहे असं वाटत होतं तर ते वेडे नव्हते.

आणि दुसरं, 1 मार्च 1967 चं अमेरिकन हवाई दलाचं एक अंतर्गत पत्र आहे, लेफ्टनंट जनरल हेविट व्हीलेस यांच्या सहीचं. त्यात काय म्हटलंय तर स्वतःला हवाई दलाचे किंवा संरक्षण खात्याचे म्हणवणारे लोक यूएफओ पाहिलेल्यांना जाऊन भेटतात अशा बातम्या येतायत. एका ठिकाणी साध्या कपड्यातला माणूस नोरॅडचा (उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची लष्करी यंत्रणा) म्हणून आला आणि एका नागरिकाचे फोटो मागून घेऊन गेला. दुसऱ्या ठिकाणी हवाई दलाच्या युनिफॉर्ममधल्या माणसाने गावातल्या पोलिसांना आणि इतरांना शाळेच्या खोलीत जमवून सांगितलं की तुम्ही जे पाहिलं ते तुम्ही पाहिलंच नाही आणि कोणाशी बोलू नका. आणि आदेश असा की असं काही कानावर आलं तर हवाई दलाच्या तपास शाखेला लगेच कळवा. आता मला सांगा, हवाई दल स्वतःच आपल्या तोतयांबद्दल आपल्याच लोकांना सावध करतंय म्हणजे दारात जाणारी हाडामांसाची माणसं होतीच की नाही. कोण होती हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या खात्याची असतील, पेपरवाले असतील, यूएफओच्याच नादातले अतिउत्साही असतील. पण 'सगळ्या थापा' म्हणून गुंडाळता येत नाही.

मांद्रेकाठ:
बाब्या, ते पत्र मला माहीतच नव्हतं, भावाला नक्की दाखवतो. पण तो मला अजून एक केस सांगतो ती याच्यात कुठेच बसत नाही, तो डॉक्टर, ज्याच्या हातातलं नाणं गायब झालं. साध्या वेशातला सरकारी माणूस नाणं कसं गायब करेल?

रात्रपाळी:
ही केस मला माहीत आहे. मी मानसोपचार विभागात काम करते त्यामुळे याच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघते, आणि आधीच सांगते की असं सांगणारा माणूस वेडा किंवा खोटारडा असतो असं मी मानत नाही.

डॉ. हर्बर्ट हॉपकिन्स, मेन राज्य, सप्टेंबर 1976. हे एका यूएफओ साक्षीदाराला संमोहन देत होते. एका संध्याकाळी घरचे बाहेर गेलेले, हे एकटेच. फोन येतो, मी अमुक यूएफओ संस्थेचा, भेटायला येऊ का, हे हो म्हणतात आणि फोन ठेवून मागच्या दाराचा दिवा लावायला जातात तर तो माणूस पायऱ्या चढून येतोच आहे. मोबाईल नसलेल्या काळात. काळा सूट, एकही चुणी नाही, डोक्यावर केस नाहीत, भुवया पापण्याही नाहीत, ओठ लालभडक, आणि बोलता बोलता हाताचा मोजा ओठाला लागतो तर मोज्यावर लाल डाग, म्हणजे लिपस्टिक. तो डॉक्टरला खिशातलं नाणं तळहातावर धरायला सांगतो, नाणं चंदेरी होतं, मग निळसर, धूसर, आणि नाहीसं. मग म्हणतो बार्नी हिल कसा मेला माहीत आहे का, त्याला हृदय नव्हतं, जसं तुझ्याकडे आता नाणं नाही. (बार्नी हिल म्हणजे 1961 च्या न्यू हॅम्पशायरमधल्या प्रसिद्ध अपहरणाच्या गोष्टीतला नवरा, तो 1969 मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेला.) शेवटी त्याचं बोलणं मंदावतं, माझी शक्ती कमी होतेय आता निघायला हवं म्हणत तो धडपडत जातो. डॉक्टरांनी संमोहनाच्या टेप पुसून टाकल्या.

वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण यातलं बाहेरून तपासता येईल असं काय उरलं? नाणं नाही, टेप नाहीत, दुसरा साक्षीदार नाही. पूर्ण गोष्ट एका माणसाच्या आठवणीवर उभी आहे आणि आठवण ही गोष्ट दर वेळी सांगताना पुन्हा नव्याने बांधली जाते, त्यात आपण नंतर वाचलेलं, लोकांनी विचारलेल्या प्रश्नांतून सुचलेलं नकळत मिसळतं आणि माणूस पूर्ण प्रामाणिकपणे सांगत राहतो. संमोहनात तर हे फार होतं, एलिझाबेथ लॉफ्टस वगैरे मानसशास्त्रज्ञांनी सुचवण्यातून खोट्या आठवणी कशा तयार होतात यावर आयुष्यभर काम केलंय. दुसरी एक शक्यता स्लीप पॅरालिसिसची, झोप आणि जाग यांच्या मधे माणूस अडकतो, हलता येत नाही आणि खोलीत कोणीतरी उभं आहे असं अगदी स्पष्ट जाणवतं. आमच्याकडे रुग्ण सांगतात त्यात काळी आकृती, छातीवर वजन हे कायमचं, हिंदू असो ख्रिश्चन असो. पण हॉपकिन्सच्या गोष्टीला ते मी लावणार नाही, ते जागे होते, फोन घेतला, बोलले. पलंगापाशी रात्री उभ्या राहणाऱ्या काळ्या माणसांच्या ज्या गोष्टी आहेत त्यांना लावेन. प्रत्येक केसला एकच चावी लागत नाही हे भावाला नक्की सांगा.

सत्तरीची_सून:
आपल्याकडे काय सांगतात असं विचारलंय म्हणून लिहिते. माझं सासर सत्तरीत, इथे राखणदार म्हणजे देवचार अजून लोकांच्या बोलण्यात रोजचा आहे. उंच माणूस, खांद्यावर कांबळ, हातात घुंगरांची काठी, रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो. रानात वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, फक्त मागे वळून बघायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचा रोट, विडी आणि सोरो म्हणजे दारू द्यायला विसरायचं नाही. म्हापशाच्या बोडगेश्वराला लोक मानतात ते राखणदार म्हणूनच. आमच्या सासूबाई सांगतात की त्यांच्या दिराला काजूच्या बागेतून येताना तो भेटला, विडी मागितली, काडी पेटवली तर चेहऱ्यावर उजेड पडलाच नाही. हे त्या अशा सांगतात की पुढे प्रश्न विचारायची इच्छा होत नाही.

तर अनोळखी माणूस जो दिसायला माणूसच आहे पण काहीतरी एक चुकतंय, आणि जो एक अट घालून जातो, हे यूएफओपेक्षा फार जुनं आहे. पीटर रॉयसेविच नावाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने 1987 मध्ये अमेरिकन लोकसाहित्याच्या जर्नलमध्ये नेमकं हेच लिहिलं, की काळ्या सुटातल्या माणसांचे गुण युरोपातल्या सैतानाच्या जुन्या कथांशी जुळतात. तोही काळ्या कपड्यांत यायचा, तोही चांगला बोलायचा आणि तोही कुठेतरी चालण्यात-बोलण्यात पकडला जायचा. फरक मला एक मोठा वाटतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, आमचा राखणदार गावाचा आहे, त्याला रोट देऊन त्याच्याशी नातं ठेवता येतं. अमेरिकेतला तो माणूस कुठल्या तरी ऑफिसातून येतो, त्याचं ऑफिस कुठे आहे कोणालाच माहीत नाही, त्याला काही देऊन शांत करता येत नाही.

आणि बाबांनो, तसली माणसं आता आमच्याकडेही येतातच की. गाडी थांबते, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, घरातल्या म्हाताऱ्याला बागेची हद्द विचारतात, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते त्यांना आधीच माहीत असतं. कोण तुम्ही म्हटलं तर नीट सांगत नाहीत. गेल्यावर आठवडाभर वाड्यावर तोच विषय, कोण म्हणतं दलाल, कोण म्हणतं सरकारी सर्व्हे, आणि सांगता सांगता गाडीचा रंगसुद्धा बदलतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पांढरी गाडी चौथ्या घरात काळी झालेली.

म्हापशेचे_आजोबा:
सत्तरीच्या सूनबाईंनी चांगलं लिहिलंय. मी एकसष्टच्या आधीचा गोवा पाहिलेला माणूस आहे, लहान होतो पण कळत होतं. पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारची गुप्त पोलीस संघटना पिडे, तिची माणसं आणि तिचे खबरे गोव्यात होते. वडिलांचा संबंध गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या लोकांशी असल्याचा संशय होता, पत्रकं एकदोनदा आमच्या घराच्या छपरात राहिली होती. साध्या कपड्यातला कोणी अनोळखी तावेर्नात म्हणजे दारूच्या दुकानात शिरला की बसलेली माणसं एकदम पावसापाण्याचं आणि मासळीच्या भावाचं बोलायला लागायची. एकदा एक जण घरी आला, पाणी मागितलं, आईला वडिलांच्या कामाच्या वेळा विचारल्या आणि गेला. पुढे काही झालं नाही. पण आई त्याचं वर्णन करायची त्यात वर्षागणिक भर पडत गेली, आधी साधा माणूस होता, नंतर त्याच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती असंही सांगू लागली. ती खोटं बोलत नव्हती. तिला जी भीती वाटली होती ती सांगायला साधा माणूस पुरत नव्हता.

म्हणून बेंडर या गृहस्थाबद्दल कात्रणांनी लिहिलेलं वाचून मला तो लबाड वाटला नाही. 1953 ची अमेरिका म्हणजे जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या मॅकार्थीचा काळ, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघत होता.

जुनी_कात्रणं:
आजोबा, तुमच्या आईची आठवण इथे लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. कपड्यांचं सांगायचं राहिलं होतं ते यात बसतं. जे. एडगर हूव्हरच्या एफबीआयमध्ये एजंटने गडद सूट आणि पांढरा शर्ट असंच राहायचं असा दंडक होता, आणि त्या काळात अमेरिकेत विमा विकणारा, बँकेतला, धर्मप्रचारक सगळेच सूट-हॅटमध्ये दारावर यायचे. म्हणजे ज्याने काहीतरी पाहिलंय, जो आधीच घाबरलाय, त्याच्या दारात पुढच्या आठवड्यात सुटातला अनोळखी माणूस येणं ही अगदीच साधी गोष्ट होती.

याचं माझं आवडतं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटचं आहे, 1966-67, मॉथमॅन या पंखवाल्या माणसासारख्या प्राण्याच्या अफवांची धामधूम. जॉन कील हा पत्रकार तिथे तपास करत होता आणि मेन इन ब्लॅक हा प्रकार लोकांच्या तोंडी बसवण्यात त्याचा वाटा मोठा. तिथल्या मेरी हायर या पत्रकार बाईंकडे एक बुटका माणूस आला, जाड चष्मा, थंडीत पातळ कपडे, असं कील लिहितो. बोलता बोलता त्याने टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि आयुष्यात पेन पाहिलंच नसावं तसं निरखत बसला. बाई म्हणाल्या ठेवा तुम्हाला, तर जोरात हसत पेन घेऊन पळत सुटला. परग्रहवासी मानायला मला इथे काहीच कारण दिसत नाही, गावात तेव्हा देशभरातून हौशे-नवशे येत होते. पुढे 15 डिसेंबर 1967 ला तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 माणसं गेली आणि त्याआधी वर्षभरात जे जे विचित्र घडलं होतं त्या प्रत्येकाला लोकांनी मागाहून अर्थ चिकटवला. पूल पडला तो एका आयबारला, म्हणजे पूल तोलणाऱ्या लोखंडी पट्टीला गेलेल्या तड्यामुळे, ते तपासात निघालं.

मांद्रेकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भावाला हे सगळं वाचायला दिलं. मेमरीचं आणि पिडेचं त्याने दोनदा वाचलं. बेंडर सोडायला तो तयार आहे, हॉपकिन्सही एकट्याच्या शब्दावर आहे हे त्याने मानलं. पण तो विचारतोय, नोरॅडचा म्हणून जो फोटो घेऊन गेला त्याचं पुढे काय झालं?

बाब्या_फोंडेकार:
चांगला प्रश्न विचारलाय त्याने. ते फोटो रेक्स हेफ्लिनचे असं मानतात, कॅलिफोर्नियात सांता आनाजवळ 3 ऑगस्ट 1965 ला त्याने कामाच्या गाडीतून पोलरॉइडने काढलेले, हॅटसारखी वस्तू रस्त्यावर तरंगतेय. हवाई दलाने ते बनावट ठरवले होते, काही अभ्यासक आजही खरे मानतात. पोलरॉइडला निगेटिव्ह नसते त्यामुळे मूळ प्रिंट गेली की गेली, कॉपी उरतात आणि कॉपीवरून ती वस्तू दोऱ्याला टांगलेली होती की नाही ते सांगता येत नाही, म्हणून मूळ प्रिंटला एवढं महत्त्व. नोरॅडने तो माणूस आमचा नाही म्हणून हात झटकले. हेफ्लिनच्या सांगण्याप्रमाणे 1993 मध्ये त्याला एका अनोळखी बाईचा फोन आला, टपालपेटी बघितलीस का, आणि पेटीत पाकिटात ते मूळ फोटो होते. आता यातही सांगणारा तो एकटाच आहे, तेव्हा रात्रपाळी ताईंनी हॉपकिन्सला लावलेली कसोटी इथेही लावावी लागणार. पण तोतयांबद्दलचं 1967 चं पत्र हेफ्लिनने लिहिलेलं नाही, ते हवाई दलाचं आहे. भावाला शोधायचंच असेल तर यातलं शोधायला सांग, कवट्यांच्या खोलीतलं नको.